पट्ट्याची वंशावळ आणि माहेरची काठी

शेकरू हा आपला राज्यप्राणी, आंबा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यफूल. मुलांचा अभ्यास घेता घेता ही यादी आपल्यालाही पाठ झालेली असते. २०२४ सालच्या शिवजयंतीला या यादीत आणखी एका नावाची भर पडली. दांडपट्टा हे महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालं! आमच्या मंडळात या बातमीवर बायकांचा पहिला प्रश्न काय होता ठाऊक आहे? ‘दांडपट्टा म्हणजे तलवारच ना गं?’

तर नाही, तलवार नव्हे. तलवारीची मूठ हातात धरायची असते, दांडपट्ट्यात हातच घालायचा असतो. कोपरापर्यंत हात झाकून टाकणारी लोखंडी मूठ, तिच्या आत एक आडवी दांडी, ती मुठीत घट्ट धरायची. पुढं साडेतीन-चार फुटांचं पातं. दोन्ही बाजूंनी धार आणि इतकं पातळ की वेताच्या छडीसारखं लवतं. यात मनगट अडकून पडतं, वळत नाही. त्यामुळं सगळा वार कोपर, खांदा आणि कमरेतून काढावा लागतो. ज्याचे पाय पक्के नाहीत त्याच्या हातातला पट्टा आधी त्याचाच घोटा कापेल. म्हणूनच कुठलाही वस्ताद नवख्याच्या हातात पट्टा देत नाही.

आपल्या बोलण्यात तर हा पट्टा रोज असतो. ‘पुरणपोळी लाटण्यात सासूबाई पटाईत’ असं आपण म्हणतो, तो ‘पटाईत’ म्हणजे मुळात पट्टा चालवणारा! अफझलखानाबरोबर आलेला सय्यद बंडा हा असाच नावाजलेला पटाईत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी त्यानं महाराजांवर वार उगारला आणि जिवा महालानं तो हात वरच्या वर कलम केला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तिथली. पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं निघाले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. आपल्याकडच्या चित्रांत बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांत पट्टे दाखवतात. पन्हाळा आमच्या कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर. तेव्हा पट्टा हा आम्हाला पुस्तकातला विषय नाही, शेजारचा आहे.

हा पट्टा ज्या कुटुंबातला, त्याचं नाव मर्दानी खेळ. त्यात एकटा पट्टा नाही. काठी आहे, भाला आहे, तलवार-ढाल आहे. फरी-गदगा आहे, म्हणजे छोटी कातडी ढाल आणि कातडं चढवलेली काठी, तलवारीचे हात शिकण्यासाठी. विटा आहे, म्हणजे दोरी बांधलेला भाला. दोरीचं एक टोक मनगटाला, भाला फेकायचा आणि झटक्यात परत ओढून घ्यायचा. काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडून केलेला माडू आहे. रात्रीच्या मिरवणुकीत दोन्ही टोकांना पेटते बोळे लावून फिरवतात ती बनेटी आहे. बोथाटी आहे, घोड्यावरून खेळायची. टोकाला कापडाचा गोळा, तो रंगात बुडवलेला. वार कुठं बसला ते अंगरख्यावरच्या डागावरून कळायचं. शाळेत आपण ज्यावर नाचलो ती लेझीमसुद्धा मूळची धनुष्याच्या सरावाची, कमानीला जड साखळी लावलेली. हाता-खांद्यात बळ यावं म्हणून ती ओढायची असे. आता तिला झांजा लागल्या आणि ती गॅदरिंगची झाली!

खेळ सुरू होतो तो हलगीवर. हलगी, घुमकं आणि कैताळ. ज्यांनी कोल्हापुरात एकदा तरी ऐकलंय त्यांना सांगायला नको, अंगावर काटा येतो. एकाच्या तळहातावर लिंबू ठेवायचं, दुसऱ्यानं पट्ट्यानं ते कापायचं, तळहाताला ओरखडा नाही. लोक टाळ्या वाजवतात ते या लिंबाला. पण जाणती माणसं पाय बघतात.

आता वंशावळीचं. गाण्यात जशी घराणी असतात तशी इथं तालमी. कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेला आपली तालीम आहे. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, नंगीवली तालीम, बाबूजमाल तालीम, अशी नावं बाहेरगावच्या वाचकांनी निदान फुटबॉलच्या बातम्यांत तरी वाचली असतील. (हो, आमच्याकडं तालमी फुटबॉलही खेळतात. बाहेरच्यांना याचं फार नवल वाटतं.) तालमीत लाल मातीचा हौद, बाहेर मोकळी जागा, भिंतीवर मारुती, आणि या सगळ्यांचा धनी तो वस्ताद. ‘उस्ताद’चाच हा मराठी अवतार. मर्दानी खेळाची परंपरा अशी वस्तादाकडून पठ्ठ्याकडं, पठ्ठ्याकडून त्याच्या पठ्ठ्याकडं चालत आली. कागदावर फारसं काही नाही, सगळं हातात आणि पायात. जुनी माणसं सांगतात की पूर्वी नुसता पवित्रा बघून पोरगं कुठल्या पेठेतलं ते ओळखता यायचं. वस्तादांची नावं मी इथं मुद्दाम घेत नाही. एका पेठेचं घेतलं आणि दुसऱ्या पेठेचं राहिलं तर उद्या मंडईत माझी वाट अडवतील!

पण या शस्त्रविद्येला ‘खेळ’ का म्हणायचं? मला हा प्रश्न बरेच दिवस पडला होता. याचं उत्तर, मला वाटतं, इंग्रजांच्या काळात आहे. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीच्या शिपायांनी उठाव केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा उठाव झाला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं, ते परत आलेच नाहीत. पुढं १८७८ साली शस्त्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं. लढाया संपल्या, हत्यारं गेली. राहिली ती काठी, आणि मिरवणुका. दसरा, मोहरम, गणपती, ग्रामदैवताची जत्रा. लढाईची विद्या अशी खेळ म्हणून जत्रेत शिरली आणि तगून राहिली. घरातला दागिना मोडायची वेळ आली की आपण नाही का त्याचं सोनं दुसऱ्या कशात तरी लपवतो, तसंच हे.

पुढं तिला राजाश्रय मिळाला. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांचं कुस्तीचं वेड सर्वांना माहीत आहे. १९०२ साली ते युरोपात गेले, रोममधलं जुनं क्रीडागार पाहून आले आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. त्या काळात तालमींना जे बळ मिळालं, त्याच सावलीत मर्दानी खेळही वाढला. त्यांच्यामागं राजाराम महाराजांच्या काळातही दरबारी सोहळ्यांत हे खेळ होत राहिले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तालमींच्या डोक्यावरचं दरबारी छत्र गेलं.

कोल्हापूरबाहेर काय चाललं होतं? तिकडं बडोद्यात जुम्मादादा नावाचे एक वस्ताद होते. त्यांचे पट्टशिष्य माणिकराव. मुसलमान गुरूची विद्या मराठी शिष्यानं पुढं नेली आणि व्यायाममंदिराला गुरूचंच नाव राहिलं, जुम्मादादा व्यायाममंदिर. माणिकरावांनी एक वेगळी गोष्ट केली. एकेकट्यानं शिकायची काठी-लेझीम त्यांनी शेकड्यांनी, हुकमावर, एका तालात करायला शिकवली. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. १९३६ पासून पुढं दहा खंड. काठी, फरी-गदगा, पट्टा, बोथाटी, सगळं चित्रांसकट. कोणी विसरलं तर निदान पुस्तकात सापडावं म्हणून एक माणूस दहा-बारा वर्षं खपतो, हे मला एखाद्या लढाईइतकंच मोठं वाटतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं.

इथं जरा दूर चीनला जाऊ या. सकाळी बागेत मंद लयीत हात फिरवणारी चिनी माणसं आपण टीव्हीवर पाहिली आहेत. ते ताई-ची. दिसायला व्यायाम, पण मूळ युद्धकला. हेनान प्रांतातल्या चेन आडनावाच्या लोकांच्या एका खेड्यात ती वाढली. तिचा आद्य पुरुष चेन वांगतिंग हा सतराव्या शतकातला, म्हणजे आपल्या शिवकाळाच्याच आसपासचा. कैक पिढ्या ही विद्या त्या भाऊबंदकीच्या बाहेर गेली नाही. मग एकोणिसाव्या शतकात यांग लूचान नावाचा परका माणूस तिथं राहून शिकला, बीजिंगला गेला, तिथं शिकवू लागला. त्याची शाखा ‘यांग’. मग आणखी शाखा फुटल्या, आडनावांच्याच. २०२० साली युनेस्कोनं ताई-चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. घराबाहेर गेली म्हणून ती जगली, असं माझं मत. घरातच राहिली असती तर त्या खेड्याबाहेर कुणाला नावही कळलं नसतं.

मर्दानी खेळाच्या घरातही असाच एक दरवाजा बंद होता. तो आपला. नावातच ‘मर्द’! खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, तेव्हा रांगोळी कोणी काढायची? बाईनं. हळद-कुंकू कोणी वाहायचं? बाईनं. नैवेद्य? तोही तिनंच. मात्र हत्यार उचलायचं नाही. माझ्या लहानपणी तर तालमीच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचं, अशी आईची ताकीद असे. आत मारुती आहे ना, मग बाईला काय भय? पण विचारायची सोय नव्हती.

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात! हे राज्य उभं केलं कुणी? महाराणी ताराबाईंनी. सेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा तिचं वय पंचविशीच्या घरात. समोर खुद्द औरंगजेब. सात वर्षं तिनं मोगलांशी टक्कर दिली. तो १७०७ साली दक्षिणेतच मेला. कावळा नाक्यावर घोडा उधळलेला, हातात तलवार, असा तिचा पुतळा आहे. त्या पुतळ्याखालून रोज हजारो बायका जातात. तालमींच्या वंशावळीत मात्र एका बाईचं नाव नाही.

बाईच्या हाती काठी आली ती तालमीतून नव्हे, संघटनांतून. १९३६ साली वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती निघाली, १९४१ साली राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं. विचार दोघांचे वेगळे, पण दोन्हीकडच्या मुलींनी काठी फिरवली. आणि त्याच्याही आधीपासून रस्त्यावर एक परंपरा होतीच, जिच्याकडं ‘विद्या’ म्हणून कोणी पाहिलंच नाही. जुलै २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत पुण्याच्या हडपसरमधल्या शांताबाई पवार या ८५ वर्षांच्या आजींचं चित्रीकरण घराघरांतल्या मोबाईलवर फिरलं. नऊवारी नेसलेल्या आजी दोन्ही हातांनी अशा काठ्या फिरवत होत्या की काठी दिसेना, नुसतं वर्तुळ दिसावं! डोंबारी समाजातल्या. वडिलांकडून लहानपणी शिकलेल्या. पोटासाठी आयुष्यभर रस्त्यावर हाच खेळ केला. चित्रपटातल्या कलाकारांनी मदत पाठवली, मुलींना शिकवायला वर्गही निघाला. मला प्रश्न पडला तो असा. बाप आणि लेक, दोन पिढ्यांची ही परंपरा कुठल्याही तालमीइतकीच खरी नाही का? मग तिला आपण वंशावळ का नाही म्हणत? तालमीत मागायचे ते इनाम आणि रस्त्यावर मागायची ती भीक, एवढाच काय तो फरक.

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र पालटलंय. दिल्लीच्या २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर आई-बाप मुलींना कराटेला घालू लागले, शाळांत काठीचे वर्ग निघाले. कोल्हापुरात शिवजयंतीच्या मिरवणुकीत भगवा फेटा बांधलेल्या मुलींचं पथक दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. एका जुन्या वस्तादांना मी बचत गटाच्या मुलींसाठी वर्ग घ्याल का म्हणून विचारायला गेले होते. सत्तरी ओलांडलेले, पण ताठ. मला वाटलं होतं नाही म्हणतील. ते म्हणाले, ‘‘काय हाय वहिनी, काठी आधी पायात येती, मग हातात. पोरांना पवित्रा शिकवायला सहा-सहा महिनं जात्यात. पोरींचं तसं न्हाई. झिम्मा-फुगडी खेळलेल्या असत्यात, पाय आधीच मोकळं झालेलं असत्यात.’’

मी म्हटलं, ‘‘मग वस्ताद, इतकी वर्षं का नाही शिकवलंत?’’

ते हसले. ‘‘कुणी आणून सोडलं न्हाई, आन मी बी बोलावलं न्हाई,’’ म्हणाले. सरळ उत्तर. मला आवडलं.

त्यांच्याकडं शिकण्याची रीतही जुनी. पहिल्या दिवशी मातीला नमस्कार, मग सलामी. मग कित्येक दिवस नुसते पाय. पुढं, मागं, तिरकं, गिरकी. मग काठी एका हातानं, मग दुसऱ्या, मग दोन्ही. काठी किती लांब? उभी धरली की आपल्या कानाला लागेल इतकी. मग फरी-गदगा, मग तलवार, आणि शेवटी पट्टा. दोन-तीन वर्षं सहज जातात. आजकाल पथकं मात्र महिन्या-दोन महिन्यांत मुलांना मिरवणुकीत उतरवतात. चार गिरक्या, एक लिंबू, मोबाईलवर चित्रीकरण, की झालं. वस्तादांचा खरा राग आहे तो यावर. गर्दीला आवडतं तेवढंच शिल्लक राहातं. बनेटी राहिली, कारण तिला आग आहे. लिंबू राहिलं. विटा चालला. दोरीनं भाला परत खेचायला मोठी जागा लागते आणि फार वर्षं लागतात, आणि मिरवणुकीत तो दाखवताही येत नाही, माणसं दाटीवाटीनं उभी असतात ना! बोथाटीला घोडा लागतो. घोडा कोण पोसणार?

सरकारी मैदानावरही हा खेळ मागं पडला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत देशी खेळांना जागा दिली. पंजाबचा गटका आला, केरळची कळरीपयट्टू आली, मणिपूरचा थांग-ता आला, आणि आपला मल्लखांबही आला. २०२२ च्या जूनमध्ये हरियाणात त्या स्पर्धा झाल्या. मर्दानी खेळ त्यांत नव्हता. का नव्हता? माझ्या मते कारण साधं आहे. मल्लखांबाचे नियम ठरले, गुण ठरले, पंच तयार झाले. मर्दानी खेळात मात्र आमची पेठ मोठी की तुमची, हेच अजून ठरलेलं नाही. ज्या वेगळेपणामुळं परंपरा श्रीमंत झाली, त्याच वेगळेपणानं तिला दारात अडवलं. राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला खरा, २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना वारसा म्हटलं त्यात आमचा पन्हाळाही आला. किल्ल्याचा दगड राहील हो. पण पट्ट्याचा हात शिकवणारा माणूस गेला की तो हात गेला.

केरळचं नाव निघालंच आहे तर वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मांबद्दल सांगते. सातव्या वर्षी त्या कळरीपयट्टू शिकू लागल्या. ज्यांच्याकडं शिकल्या त्या राघवन गुरुक्कलांशीच पुढं लग्न झालं. राघवन यांना जातीमुळं दुसऱ्या कळरीत घेतलं नव्हतं, म्हणून त्यांनी १९४९ साली आपली स्वतःची काढली होती. २००९ साली ते गेले आणि अम्मांनी ती कळरी चालवायला घेतली. साडीचा पदर खोचून, हातात काठी घेऊन पुरुषासमोर उभ्या असलेल्या अम्मांचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. २०१७ साली पद्मश्री मिळाली. सगळे त्यांच्या वयाचं कौतुक करतात. माझ्या मनात मात्र दुसरंच आलं. लग्नानं त्यांना त्या कळरीतून उठवलं नाही, म्हणून त्या गुरू झाल्या.

आपल्याकडं नेमकं तिथंच घोडं अडतं. मुलगी नवव्या-दहाव्या वर्षी काठी हातात घेते. पंधराव्या वर्षी तिचा हात बसतो. अठराव्या वर्षी ती धाकट्यांना शिकवू लागते. आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तिचं लग्न होतं. काठी माळ्यावर! मुलगा त्याच पेठेत राहातो, तालमीच्या कट्ट्यावर बसतो, चाळिशीत वस्ताद होतो. मुलीचं गावच बदलतं. मग तिला शिकवलेलं वाया गेलं, असं बोलणारी माणसं तालमीतही आहेत आणि घरांतही. एका आईनं मला तोंडावर सांगितलं, ‘‘पुढं काय करायचंय तिनं त्या काठीचं? सासरी नेणार हाय व्हय?’’

का नेऊ नये? आपण माहेराहून काय काय नेतो ते आठवा. सांडग्याचं मीठ-तिखट नेतो, गौरीची रीत नेतो, जात्यावरची ओवी नेतो. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात पोचला तो काय फक्त हॉटेलवाल्यांनी नेला? लेकींनी नेला. घराण्याची शाखा फुटायला माणूस बाहेरगावी जावंच लागतं, यांग लूचान काय वेगळं करून गेला? आणि आपल्या समाजात ठरवून, वाजतगाजत बाहेरगावी पाठवतात ती मुलीलाच की!

आमच्या ओळखीतली एक मुलगी आठ वर्षं काठी, फरी-गदगा आणि पट्टा शिकली. लग्न होऊन गडहिंग्लजकडच्या एका गावात गेली. पहिली दोन वर्षं काठीचं नावही काढलं नाही. मग गावच्या शाळेत २६ जानेवारीला काहीतरी बसवा म्हणून बाईंनी विचारलं, तेव्हा हिनं मुलींचा काठीचा कार्यक्रम बसवला. नवऱ्याला कौतुक वाटलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आधी सांगायचं न्हाईस व्हय?’’ आता शाळेच्या मैदानावर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा ती वर्ग घेते. अकरा मुली येतात, फी महिन्याला शंभर रुपये, ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून तेही नाही. काठ्या गावातल्याच बुरुडाकडून बांबूच्या करून घेतल्यात. मुली तिला वस्ताद म्हणत नाहीत, ताई म्हणतात. वस्तादाचं स्त्रीलिंग मराठीत अजून रुजलेलं नाही.

मघाचे वस्ताद हिचेच. तिच्या वर्गाचं त्यांना मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून एक जुनी दोनशे पानी वही आणली. त्यांच्या वस्तादांपासून शिकलेल्या पोरांची नावं त्यात होती, गल्लीसकट. पानं पिवळी पडलेली. त्यांनी मला पेन द्यायला लावलं आणि तिचं नाव स्वतः लिहिलं. माहेरचं नाव लिहावं की सासरचं, यावर आमची थोडी चर्चा झाली. शेवटी दोन्ही लिहिली. पुढं गल्लीच्या जागी गावाचं नाव.

विटा तिला शिकायचा राहिलाय. वस्तादांना तो येतो, पण खांदा आता साथ देत नाही. म्हणून महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळच्या एसटीनं ती कोल्हापूरला येते. धाकटी मुलगी सासूबाईंजवळ ठेवते. वस्ताद खुर्चीवर बसून तोंडी सांगतात, ही मोकळ्या मैदानात दोरीचा भाला फेकते. दोरी मनगटावर घासून घासून वळ उठलेत, त्यावर ती जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळते. भाला काही एसटीतून न्यायचा नाही, तो माहेरीच ठेवलेला आहे, दाराच्या मागं, उभा.